वाचक विचारतात : वेस्ट हॅमची कोरी जर्सी

प्रश्न : माझ्या भावाने लंडनहून येताना आमच्या दहा वर्षांच्या लेकासाठी वेस्ट हॅम या तिथल्या फुटबॉल क्लबची जर्सी आणली. आता पेठेतली पोरं त्याला चिडवतात की डुप्लिकेट आहे, कारण टीव्हीवर प्लेअरच्या छातीवर मोठ्ठं बेटवे लिहिलेलं असायचं आणि याची छाती कोरी. रोज रडारड. दुकानात नेऊन ते नाव छापून घेऊ का?
– एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, आधी हे सांगते की मामाला फोन करून भांडू नका, जर्सी ओरिजिनलच असणार. बेटवे ही सट्ट्याची कंपनी, आणि इंग्लंडमध्ये 2007 पासून असं ठरलंय की लहान मुलांच्या साइजच्या जर्सीवर सट्टेवाल्यांचं नाव छापायचं नाही. मोठ्यांची घेतली असती तर नाव आलं असतं. म्हणजे बघा, पोराच्या अंगावर हे नाव शोभत नाही हे त्यांनाही कळतं, पण तेच पोर ज्या प्लेअरकडे डोळे फाडून बघतं त्याच्या छातीवर मात्र चालतं!

हे सुरू कसं झालं तर 2002 मध्ये फुलहॅम क्लबच्या जर्सीवर बेटफेअर ही सट्ट्याची कंपनी आली, मग 2005 चा जुगाराचा कायदा 2007 मध्ये लागू झाला आणि टीव्हीवर सट्ट्याच्या जाहिराती धो धो सुरू झाल्या. खालच्या तीन डिव्हिजनच्या लीगचं नाव तर 2013 पासून स्काय बेटच्या नावानेच घेतात आणि स्टोक सिटीच्या स्टेडियमलाही बेट365 चं नाव आहे. मोठ्या क्लबांना एअरलाइन वगैरे मिळतात हो, पण मधल्या क्लबांना इतका पैसा दुसरं कोण देणार, सट्टेवाले देतात म्हणून ते घेतात. आणि गंमत म्हणजे यातल्या काही कंपन्यांना इंग्लंडचं गिऱ्हाईक फारसं नकोच असतं, त्यांचा डोळा आशियावर. चीनमध्ये सट्ट्याची जाहिरात करता येत नाही पण प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सगळ्यात वरची लीग, घरोघरी दिसते, म्हणून इंग्लंडच्या मैदानाकडेच्या बोर्डावर चिनी अक्षरं झळकतात.

मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. ब्रेंटफर्ड क्लबचा तेव्हाचा स्ट्रायकर आयव्हन टोनी, त्याच्यावर मे 2023 मध्ये आठ महिन्यांची बंदी आली, बेटिंगचे नियम 232 वेळा मोडले म्हणून. त्याला जुगाराचं व्यसन आहे हे निकालातच म्हटलंय. आणि त्याच्या क्लबच्या जर्सीवर काय होतं, तर हॉलीवूडबेट्स, म्हणजे सट्ट्याचीच कंपनी. प्लेअरने फुटबॉलवर पैसे लावायचे नाहीत हा नियम बरोबरच आहे, मी टोनीची बाजू घेत नाहीये, पण व्यसन सोडायचं आणि जाहिरात अंगावर मिरवायची हे एकाच माणसाने कसं करायचं?

आता प्रीमियर लीगच्या क्लबांनी एप्रिल 2023 मध्ये स्वतःहून ठरवलं की 2025-26 चा सीझन संपला की जर्सीच्या पुढच्या बाजूला सट्टा नको. ऐकायला छान. पण त्यानंतर 2024-25 मध्ये 20 पैकी 11 क्लबांच्या छातीवर सट्टेवालेच होते, म्हणजे जाता जाता हात धुऊन घेतले. तुमच्या वेस्ट हॅमचंच बघा, 2025 मध्ये बेटवे गेली आणि बॉयलस्पोर्ट्स आली, तीही सट्ट्याचीच. शिवाय बंदी फक्त छातीवर, बाही आणि मैदानाकडेचे बोर्ड मोकळेच. इटलीने 2018 मध्ये कायदाच केला, स्पेनने पण जर्सीवरून काढायला लावलं, इंग्लंडला मात्र अजून क्लबांच्या मर्जीवर सोडायचंय.

तर छापून घेऊ नका. पेठेतल्या पोरांना सांगायला त्याला एवढं पुरे की छोट्या साइजवर हे नाव जर्सी बनवणारी कंपनीच छापत नाही, ज्याच्या छोट्या जर्सीवर असेल त्याचीच डुप्लिकेट. तरी नाहीच ऐकला तर पाठीवर त्याचं नाव आणि आवडता नंबर छापून द्या, कोल्हापुरात ते काम करणारे काय कमी आहेत!