मुलगी केअरिंग पाहिजे म्हणतोस, तर

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

दोन्ही बायोडेटा मिळाले, कोल्हापूरची बँकेतली आणि इचलकरंजीची शिक्षिका. उंची, पगार, मामाचं गाव, ‘अपेक्षा : निर्व्यसनी व अनुरूप’, हे सगळं तुझी आई आणि काका पुरेसं चघळतील, त्यात मी पडत नाही. पण खाली तू एक ओळ टाकलीस : ‘मावशी, बाकी काही नको, मुलगी केअरिंग पाहिजे, तेवढं तुम्ही ओळखून सांगा.’ ह्याचं उत्तर फोनवर उरकण्यासारखं नाही, म्हणून कागद घेऊन बसले.

तुझा हट्ट बरोबर आहे, हे आधी सांगून टाकते. मिरजेत वॉर्ड सांभाळण्यात माझं आयुष्य गेलं. कॉटशेजारच्या स्टुलावर कोण बसतं आणि कसं बसतं, ह्यावरून त्या घरातलं बरंच काही कळतं. एकदा जतकडचा एक शेतकरी बायकोला घेऊन आला होता, पिशवीचं ऑपरेशन होतं. लघवी किती झाली ते लिहून ठेवा, असं मी त्याला एकदाच सांगितलं. गड्यानं बिडीच्या पाकिटाच्या आतल्या कागदावर वेळेसकट सगळं मांडून ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी बघते तर शेजारच्या कॉटवरच्या म्हातारीकडून तीन पेडी वेणी शिकणं चाललेलं. वेणी वाकडीच आली. बायको म्हणाली, राहू दे आता, लोक बघतात. तो म्हणाला, बघू देत.

त्याच सुमाराला दुसऱ्या एकीचा नवरा रोज फळांची टोपली घेऊन यायचा, इस्त्रीचा शर्ट, सगळ्यांशी गोड. ‘पेशंटला कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का?’ असं विचारलं तर त्यानं सासूला फोन लावला. माणूस वाईट नव्हता, प्रेमही असेल. पण बायकोबद्दलची ही माहिती आपल्याकडे असायला हवी, हे त्याच्या डोक्यातच नव्हतं. काळजी म्हणजे मला एवढंच कळतं : दुसऱ्याचं बारीकसारीक ध्यानात ठेवायचं, आणि वेळ आली की किळस न करता हात लावायचा. बाकी शब्द खूप असतात.

आता तू म्हणशील, मग सगळे लोक हेच बघून लग्न का करत नाहीत? बघायचं तर सगळ्यांनाच असतं. माझी भाची मानसशास्त्र शिकवते, तिनं सांगितलं : डेव्हिड बस नावाच्या अमेरिकन संशोधकानं ऐंशीच्या दशकात सदतीस वेगवेगळ्या समाजांतल्या दहा हजारांहून जास्त लोकांना जोडीदारात काय हवं ते विचारलं. पैसा आणि रूप ह्यांवर बायका-पुरुषांचं एकमत नव्हतं, पण दयाळू आणि समजून घेणारं माणूस दोघांनीही अगदी वर ठेवलं. अडचण अशी, की आपल्याकडे हा गुण मोजायला जागाच नाही. पत्रिकेतले छत्तीस गुण बघ. नाडीला आठ, भकूटाला सात, गणाला सहा, असं करत करत वर्णाला एक. आजारपणात उशाशी बसेल का, ह्याला शून्य. (ग्रहमैत्रीत स्वभाव येतो, असं तुझे काका म्हणतील. म्हणू देत.) आणि कांदेपोह्याच्या अर्ध्या तासात तर प्रत्येक जण केअरिंगच असतो.

पण थांब. तुझ्या त्या ओळीतली एक गोष्ट मला खटकली आहे. आपल्याकडे मुलाकडचे लोक ‘काळजी घेणारी मुलगी’ म्हणतात तेव्हा पुष्कळदा त्याचा अर्थ असतो आईचे गुडघे, बाबांची शुगर आणि ह्याचा डबा बघणारी. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकामाला बाईची दिवसाकाठी २८९ मिनिटं निघाली आणि पुरुषाची ८८. ही ८८ सुद्धा जे घरात काही ना काही करतात त्या पुरुषांची, जे हातच लावत नाहीत ते त्यात धरलेले नाहीत. तुला फक्त सेवा हवी असेल तर मिरजेत बारा तासांच्या ड्युटीवर चांगल्या आया मिळतात, नंबर देते. त्यासाठी कुणाच्या मुलीला हळद लावायची गरज नाही.

तुझ्या आईची बीपीची गोळी किती मिलिग्रॅमची आहे, घरात फोन न लावता सांगता येईल का तुला? नसेल येत तर आजच पाकीट बघून ये. काळजी घेणारी मुलगी तुला निवडताना नेमकं हेच तपासणार आहे, आणि तिनं तपासावंच.

आता मूळ मुद्द्यावर येते. तो तू लिहिला नाहीस, पण मला माहीत आहे. शाळेत असताना तुला पहिली फिट आली तेव्हा तुझी आई आधी माझ्याच दारात आली होती. रात्रीची गोळी अजून चालू आहे. वर्षानुवर्षं फिट आलेली नाही, उत्तम आहे. केअरिंग मुलगी हवी ह्यामागे ती धास्ती आहे, आणि ती असणं साहजिक आहे. पण आईनं ठरवलंय की हे आत्ता सांगायचं नाही, साखरपुडा होऊ दे, मग बघू. आणि तू गप्प आहेस.

बाळा, हे जमायचं नाही. जिच्याकडून काळजीची अपेक्षा आहे तिच्यापासूनच काळजीचं कारण लपवायचं, हा कुठला न्याय? एके काळी हिंदू विवाह कायद्यातच लग्नाच्या अटींमध्ये फिट्सचा उल्लेख होता. १९९९ च्या दुरुस्तीनं तो काढून टाकला. म्हणजे फिट्स असलेल्या माणसानं लग्न करायला कायद्याची आडकाठी नाही. पण महत्त्वाची गोष्ट दडवून लग्न लावलं, तर फसवणूक झाली म्हणून समोरची बाजू ते लग्न रद्द करून मागू शकते. आईला हे नीट समजावून सांग. कायदा सोड, त्या पोरीनं एका रात्री अचानक तुला फिट आलेली पाहिली तर तिचं काय होईल? काय करायचं हेच तिला माहीत नसेल. कुणी सांगेल चप्पल हुंगव, कुणी कांदा आणेल, कुणी दातात चमचा घालेल.

म्हणून दोघींपैकी जिच्याशी बोलणं पुढे जाईल तिला तू स्वतः सांगायचंस, आईनं नाही. आणि सांगितल्यावर ती पुढे काय विचारते ते ऐक. केअरिंग ओळखायची ह्याहून चांगली संधी तुला मिळणार नाही. ‘मुलांना होईल का?’ हे ती विचारेल. विचारू दे, तो तिचा हक्क आहे, त्यासाठी दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जा. ती घाबरेल, घरी विचारून सांगते म्हणेल, नाही म्हणेल. त्यावरून तिला वाईट ठरवू नकोस. आपल्याला किती झेपेल हे ओळखणारं माणूस प्रामाणिकच असतं. ‘काही नाही हो, होतं असं’ म्हणून जी लगेच विषय बदलेल, तिच्याबाबत मात्र मी जरा थांबेन. आणि जी विचारेल, ‘आली तर मी काय करायचं?’, तिच्याकडे नीट बघ.

तिनं विचारलं तर तुला उत्तर यायला हवं. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, गळ्याशी घट्ट असेल ते सैल करायचं, घड्याळ बघायचं. तोंडात काही घालायचं नाही, धरून दाबायचं नाही, पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी पाजायचं नाही. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा लागोपाठ दुसरी आली तर थेट दवाखाना. आणि जागरण टाळणं, गोळी न चुकवणं, हे तुझं काम आहे, तिचं नव्हे. अजून आईनं हाक मारल्याशिवाय तू गोळी घेत नाहीस, हे मला ठाऊक आहे. ती हाक मारायची नोकरी लग्नानंतर दुसऱ्या बाईकडे सोपवायचा बेत असेल तर आत्ताच सोड. मोबाइलला गजर लाव.

बाकी किरकोळ. वेटरशी कशी बोलते ते बघ, हा सल्ला आता इतका जुना झालाय की हॉटेलात सगळेच गोड बोलतात. त्यापेक्षा तिच्या घरात कुणी आजारी पडलं होतं का ते विचार. ज्यानं खरंच केलेलं असतं तो तपशील सांगतो, ‘आजीला भात नको व्हायचा, पेज लागायची, ती पण कोमट’. ज्यानं केलेलं नसतं तो म्हणतो, ‘आम्ही सगळ्यांनी खूप केलं’. आणि दर तासाला ‘कुठे आहेस, लोकेशन पाठव’ म्हणणारं प्रेम काळजीत धरू नकोस, ती राखण झाली. ते तुलाही लागू आहे.

अजून एक. सगळ्यांचं करून करून स्वतः जेवायला विसरते, असं कुणाचं कौतुक कानावर आलं तर भुलू नकोस. वॉर्डात अशा बायका मी कॉटवर बघितल्यात. जिला ‘आज माझ्याच्यानं होत नाही’ म्हणता येतं, तिच्याबरोबर संसार सोपा जातो. अट एवढीच, की ती असं म्हणेल तेव्हा तुला उठता आलं पाहिजे.

रविवारी दुपारी आईला माझ्याकडे पाठव, तिच्याशी मी बोलते. ती चिडेल, रडेल, चहा प्यायची नाही, ते माझ्यावर सोड. तू येऊ नकोस. तेवढ्या वेळात कपाटातली तुझी जुनी फाईल काढ, ईईजीचे रिपोर्ट आणि शेवटचं प्रिस्क्रिप्शन वर ठेव, आणि डॉक्टरांची पुढच्या आठवड्यातली वेळ घे.

तुझी,
मावशी