1971 च्या युद्धातील राहून गेलेली पदके: आधी नोंद दुरुस्त करून घ्यावी

आपण लिहिले आहे की आपले वडील 1966 मध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाले, 1971 च्या युद्धात जंगी पलटणीबरोबर (मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन) बांगलादेशातील जमालपूरला होते, तेथे मांडीला गोळी लागून जखमी झाले आणि 1983 मध्ये हवालदार म्हणून निवृत्त झाले. मात्र त्यांच्या डिस्चार्ज बुकात संग्राम पदक आणि नऊ वर्षांच्या सेवेचे पदक एवढ्या दोनच नोंदी आहेत. ‘पूर्वी स्टार’ हे पूर्व आघाडीचे युद्धपदक मिळावे म्हणून आपण दोनदा अर्ज केला आणि दोन्ही वेळा ‘उपलब्ध अभिलेखानुसार पदक देय नाही’ असे एका ओळीचे उत्तर आले. वडील आता थकले आहेत आणि येत्या 16 डिसेंबरच्या कार्यक्रमात त्यांनी पूर्ण पदके लावून उभे राहावे, अशी आपली इच्छा आहे. मी सैन्यात लिपिक म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर आमच्या तालुक्यातील माजी सैनिकांचे असे अर्ज लिहून देतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम त्या एका ओळीचा अर्थ नीट लावावा. आपले वडील युद्धात नव्हते किंवा पदकास पात्र नाहीत, असे रेकॉर्ड ऑफिस (जवानांच्या सेवानोंदी ठेवणारे कार्यालय) म्हणत नाही. त्यांच्यासमोरच्या कागदावर नोंद नाही, एवढेच ते सांगते, आणि ज्याची नोंद नाही ते पदक देण्याचा अधिकार तेथील लिपिकाला किंवा अधिकाऱ्याला नसतो. आपण दोन्ही वेळा पदक मागितले, त्यामुळे दोन्ही वेळा नोंद पाहून नकार आला. तिसऱ्या अर्जात पदक मागू नका. नोंद अपुरी आहे हे कागदाने दाखवा आणि ती पूर्ण करण्याची विनंती करा. नोंद झाली की पदक तिच्यामागून येते. हा क्रम उलटा करून यश आल्याचे मी अजून पाहिलेले नाही.

ही नोंद राहते कशी, हे समजले तर ती कुठे शोधायची हेही समजेल. जवानाच्या आयुष्यातील प्रत्येक घटना, म्हणजे बदली, बढती, रजा, लग्न, मुलाचा जन्म, इस्पितळात भरती आणि तसेच पदक, ही पलटण पार्ट टू ऑर्डरमध्ये प्रसिद्ध करते. त्या ऑर्डरची प्रत रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि तेथे ती जवानाच्या शीट रोलवर, म्हणजे सेवापटावर, चढवली जाते. डिस्चार्ज बुक निवृत्तीच्या वेळी याच शीट रोलवरून भरले जाते. युद्धपदकांसाठी पलटण पात्र जवानांची नामावली तयार करी. ही नामावली लढाईच्या दुसऱ्या दिवशी होत नसे. पदकांचे नियम निघाल्यावर, अनेकदा बऱ्याच महिन्यांनी होई. त्या वेळी जो पलटणीच्या हजेरीपटावर नाही, त्याचे नाव सुटण्याची शक्यता सर्वांत जास्त असे. आपले वडील 10 आणि 11 डिसेंबरच्या मधल्या रात्री जखमी झाले, तेथून इस्पितळात गेले आणि बरे झाल्यावर पलटणीत न परतता 1972 मध्ये बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरवर रुजू झाले, असे आपणच लिहिले आहे. पलटणीने त्यांना आपल्या यादीत धरले नसणार, आणि सेंटरला ते जमालपूरला होते हे सांगणारे कोणी नसणार. ज्यांनी रक्त सांडले त्यांचीच नावे या फटीतून निसटावीत, हे मला आजही सोसत नाही, आणि असे अर्ज मी हातचे काम बाजूला ठेवून लिहितो.

माझ्या स्वतःच्या बाबतीतही असेच घडले होते. श्रीलंकेतील शांतिसेनेच्या सेवेबद्दल मला स्पेशल सर्व्हिस मेडलचा ‘श्रीलंका’ क्लॅस्प (पदकाच्या फितीवरची नावाची पट्टी) मिळायला हवा होता, पण मी तेथून थेट दुसऱ्या युनिटला बदलून आलो आणि एका कार्यालयाने दुसऱ्याकडे बोट दाखवण्यात चार वर्षे गेली. या चार वर्षांत मी प्रत्येक पत्रात ‘मेडल द्यावे’ एवढेच लिहीत होतो. पुढे एका ज्येष्ठ सुभेदार साहेबांनी माझी बदलीची पार्ट टू ऑर्डर शोधून काढायला लावली. तिच्यावरील तारखांनी मी श्रीलंकेत होतो हे सिद्ध झाले आणि उरलेले काम दोन महिन्यांत संपले.

तेव्हा पहिले पाऊल म्हणजे कागद हाती घेणे. वडिलांच्या स्वतःच्या नावाने आणि सहीने माहितीच्या अधिकाराखाली बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करावा. 2005 च्या कायद्यानुसार शुल्क 10 रुपये आहे, ते पोस्टल ऑर्डरने भरता येते, आणि 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. माहिती त्यांची स्वतःची असल्याने ‘त्रयस्थाची वैयक्तिक माहिती’ हे कारण देऊन ती नाकारता येत नाही. मुलाने स्वतःच्या नावाने अर्ज केला तर मात्र हाच आक्षेप येतो. अर्जात ‘पदक का दिले नाही’ असा प्रश्न विचारू नये, कारण हा कायदा अस्तित्वात असलेला कागद देतो, कारणांची चर्चा करीत नाही. संपूर्ण शीट रोलची साक्षांकित प्रत, नोव्हेंबर 1971 ते डिसेंबर 1972 या काळातील त्यांच्यासंबंधीच्या सर्व पार्ट टू ऑर्डरच्या प्रती, आणि जखमी झाल्याचा कॅज्युअल्टी रिपोर्ट व मेडिकल बोर्डाची कागदपत्रे, एवढेच नेमकेपणाने मागावे. निवृत्तिवेतन न घेता बाहेर पडलेल्यांचे सेवाकागद 25 वर्षांनी नष्ट केले जातात आणि लाँग रोलमधील (जवानांच्या नावांच्या नोंदवहीतील) एका ओळीपलीकडे काही उरत नाही. आपले वडील पेन्शनर आहेत, त्यामुळे त्यांचे कागद असण्याची आशा चांगली आहे, पण आता आणखी वाट पाहू नये.

शीट रोल आल्यावर तो सावकाश वाचावा. जुन्या नोंदी शाईने लिहिलेल्या आणि संक्षेपांनी भरलेल्या असतात. नावाची आणि नंबरची अक्षरे एकेक करून ताडून पाहावीत, कारण आपल्याकडची आडनावे इंग्रजीत चार प्रकारे लिहिली गेली आहेत आणि एका चुकीच्या अक्षरामुळे पार्ट टू ऑर्डर दुसऱ्याच जवानाच्या शीट रोलवर चढल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. (हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांचे वडील पुढे नायब सुभेदार झाले, त्यांनी हेही लक्षात ठेवावे की जेसीओ (नायब सुभेदार व त्यावरचे कनिष्ठ अधिकारी) झाल्यावर नंबर बदलतो, आणि 1971 च्या नोंदी जुन्या नंबरावरच शोधाव्या लागतात.)

आता पात्रतेविषयी. 1971 साठी तीन पदके आहेत आणि अर्जांमध्ये त्यांची नेहमी गल्लत होते. संग्राम पदकाची व्याप्ती मोठी आहे: मुदत 3 डिसेंबर 1971 पासून 20 डिसेंबर 1972 पर्यंत आहे आणि त्यात सीमेलगतची राज्ये येतात, म्हणूनच ते आपल्या वडिलांना मिळाले. पश्चिमी स्टार पश्चिम आघाडीवरच्यांसाठी आहे. पूर्वी स्टार हा बांगलादेश आणि त्यालगतच्या ठरावीक भागांत प्रत्यक्ष युद्धाच्या काळात, म्हणजे 3 ते 16 डिसेंबर 1971 मध्ये सेवा केलेल्यांचा आहे. तेव्हा आपल्याला सिद्ध करायची गोष्ट एकच आहे: त्या तेरा-चौदा दिवसांत ते त्या क्षेत्रात होते. आणि येथे त्यांची जखमच सर्वांत भक्कम पुरावा ठरते. जंगी पलटणीने जमालपूरच्या दक्षिणेस वाट अडवून धरली होती आणि 10 डिसेंबरच्या रात्री 31 बलुच ही पाकिस्तानी पलटण तेथून निसटण्याच्या प्रयत्नात तिच्यावर आदळली, हे इतिहासात नोंदलेले आहे. त्या रात्रीची तारीख असलेला कॅज्युअल्टी रिपोर्ट किंवा इस्पितळात भरती झाल्याची पार्ट टू ऑर्डर सापडली, तर ते कुठे होते याविषयी आणखी काही सांगावे लागणार नाही.

हाच कागद दुसऱ्या मागणीलाही आधार देईल. शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईत जखमी झालेल्यांसाठी वूंड मेडल, म्हणजे पराक्रम पदक, आहे. आपल्या पत्रात त्याचा उल्लेखही नाही. त्यासाठी ‘बॅटल कॅज्युअल्टी’ अशी नोंद असणे महत्त्वाचे असते, नुसती ‘जखमी’ अशी नाही. याशिवाय 15 ऑगस्ट 1972 रोजी सेवेत असलेल्यांना स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचे पदक मिळाले आहे. तेही डिस्चार्ज बुकात दिसत नाही, आणि त्या दिवशी वडील सेवेत होते याविषयी वाद होण्याचे कारण नाही. वीस वर्षांच्या सेवेचे पदक मात्र मागू नये, कारण त्यांची सेवा सतरा वर्षांची आहे. अर्जात एक जरी अवाजवी मागणी असली तरी वाचणाऱ्याचा उरलेल्या मागण्यांवरचा विश्वास उडतो.

आपण जाता जाता लिहिले आहे की ‘वडिलांचे नाव शौर्यपदकासाठी गेले होते, असे त्यांचे सोबती सांगतात’. हा विषय या अर्जात मिसळू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. शौर्यपदके भारताच्या राजपत्रात नावानिशी प्रसिद्ध होतात. युद्धपदके तशी होत नाहीत, ती नोंदीवरून देय ठरतात. राजपत्रात नाव असेल तर त्याची प्रतच पुरावा आहे. शिफारस होऊनही पदक जाहीर झाले नसेल, तर तो निर्णय पन्नास वर्षांनंतर उघडला जाण्याची आशा मी आपल्याला देणार नाही. पूर्वी स्टार हा त्यांचा हक्क आहे, शौर्यपदक हा निर्णयाचा भाग होता. दोन्ही एकत्र केल्यास हक्काचेही अडकून पडते.

सोबत्यांची प्रतिज्ञापत्रे जरूर घ्यावीत, पण ती कागदाच्या जागी चालतील असे मानू नये. त्याच कंपनीतील दोघांनी आपापला नंबर, हुद्दा आणि 1971 मधील नेमणूक लिहून, स्वतः काय पाहिले तेवढेच सांगितले तर त्याला वजन येते. वकिलाने एकाच मजकुराच्या पाच प्रती काढून पाच जणांच्या सह्या घेतल्या तर ते वजन राहत नाही. शक्य असल्यास अशा सोबत्याच्या डिस्चार्ज बुकातील पूर्वी स्टारची नोंद असलेल्या पानाची प्रत त्याच्या संमतीने जोडावी. एकाच कंपनीतील एकाला पदक आहे आणि दुसऱ्याला नाही, हे त्यातून आपोआप दिसते.

मग अर्ज. तो दोन पानांपेक्षा मोठा नसावा, आणि त्यात पराक्रमाचे वर्णन नसावे. नंबर, हुद्दा, नाव, पलटण, भरतीची आणि निवृत्तीची तारीख. कोणती नोंद राहिली. ती राहिल्याचे कोणत्या कागदावरून दिसते. आणि विनंती: ‘वरील पदकांबाबत आवश्यक ती पार्ट टू ऑर्डर प्रसिद्ध करून शीट रोल व डिस्चार्ज बुकात नोंद घ्यावी आणि त्यानंतर पदके निर्गमित करावीत.’ अर्ज आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवावा आणि एक प्रत थेट स्पीड पोस्टने पाठवून पोचपावती जपावी. मूळ डिस्चार्ज बुक कोणी कितीही आग्रह केला तरी टपालाने पाठवू नये. साक्षांकित प्रत पुरते, आणि नोंद चढवण्यासाठी मूळ बुक मागवलेच तर ते स्वतः घेऊन जावे. ‘स्पर्श’वर तक्रार नोंदवून उपयोग नाही, ती व्यवस्था निवृत्तिवेतनाची आहे. या कामासाठी कोणतीही फी नसते. पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला वडिलांचा कागद दाखवूसुद्धा नये.

लेखी नकार आला, किंवा सहा महिने उत्तरच आले नाही, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचा मार्ग आहे. 2007 च्या कायद्याने ते स्थापन झाले, मुंबईत त्याचे खंडपीठ आहे, आणि निवृत्त सैनिकाला आपल्या राहण्याच्या ठिकाणावरून तेथे अर्ज करता येतो. पण विलंबाचा प्रश्न तेथे गंभीर ठरतो. निवृत्तिवेतन कमी मिळत असेल तर दर महिन्याला नवे नुकसान होते, असे न्यायालये मानतात. युद्धपदकाला मासिक रक्कम जोडलेली नसल्याने हा आधार येथे दुबळा पडतो आणि उशीर माफ करण्याचा वेगळा अर्ज कारणांसह द्यावा लागतो. म्हणून माहिती अधिकारातून कागद मिळाल्याची तारीख जपून ठेवावी. नोंद राहिल्याचे नेमके तेव्हाच कळले, असे म्हणता येते. माझ्या मते आपल्या प्रकरणात तेथपर्यंत जावे लागणार नाही.

16 डिसेंबरपर्यंत पदके हातात येतील, असे मी म्हणणार नाही. नोंद झाल्यावरही प्रत्यक्ष पदक यायला वेळ लागतो. मध्यंतरी तुटवडा इतका होता की सेवेतील जवानही बाजारातून घेतलेली प्रतिकृती लावत. नोंद एकदा चढली की वडिलांनी प्रतिकृती लावण्यात कमीपणा नाही. त्याआधी मात्र त्यांनी दोनच पदके लावावीत. तेही हेच म्हणतील, असे त्यांच्याविषयी आपण जे लिहिले त्यावरून वाटते.

माहितीचा अर्ज या आठवड्यातच टाकावा. शीट रोल आला की डिसेंबर 1971 चे पान नाव आणि नंबर झाकून येथे ठेवावे. संक्षेप उलगडून अर्जाचा मसुदा मी करून देईन.