हॉस्टेलवर राहतो, जिम परवडत नाही. तब्येतीसाठी कोणता व्यायाम करू?

जिमचे पैसे वाचवा, त्यात अंडी-शेंगदाणे आणा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि निदान दोन दिवस ताकदीचा व्यायाम करावा. मध्यम म्हणजे बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत दम लागला पाहिजे. कॉलेजला भरभर चालत गेलात तर यातला बराचसा हिशेब तिथेच भागतो.

ताकदीसाठी सूर्यनमस्कार आणि बैठका. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा एवढा प्रचार केला तो उगाच नाही. सतरंजीपुरती जागा मिळाली की झालं. १० पासून सुरुवात करा, दर आठवड्याला दोन-तीन वाढवा. पहिल्याच दिवशी १०८ घालणारे दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कण्हतात. मात्र यात शरीर वर ओढण्याचा व्यायाम होत नाही, म्हणून मैदानात सिंगल बार असेल तर त्याला लटकायला लागा.

परीक्षेच्या दिवसांत व्यायाम कमी करा, बंद नको. रात्रभर जागून पहाटे पळण्यापेक्षा नीट झोपा आणि संध्याकाळी पळा. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.