फॉरवर्ड झालेला व्हिडिओ पुरावा ठरतो का?

प्रश्न : युद्धातल्या अत्याचारांचे व्हिडिओ रोज मोबाइलवर येतात. त्यांच्या जोरावर खरंच कुणावर कारवाई होते का?
(एक विद्यार्थिनी, कॉलेज रोड, नाशिक)

होते. लिबियातला कमांडर महमूद अल-वेरफल्ली याच्यावर ३३ जणांना ठार केल्याचा आरोप होता. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने १५ ऑगस्ट २०१७ रोजी त्याच्याविरुद्ध अटक वॉरंट काढलं, ते मुख्यतः समाजमाध्यमांवर आलेल्या व्हिडिओंच्या आधारे. पण वॉरंटला ‘वाजवी आधार’ पुरतो, शिक्षेसाठी गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. तिथे नुसता व्हिडिओ कमी पडतो. साक्षीदार आणि कागदपत्रंही लागतात. वेरफल्लीचा खटला तर उभाच राहिला नाही. २०२१ मध्ये बेनगाझीत त्याची हत्या झाली.

प्रश्न : व्हिडिओ कुठला आणि कधीचा, हे कसं ठरवतात?
(एक वाचक, सिन्नर)

आधी व्हिडिओतली चित्रं सुटी करून इमेज सर्चमध्ये टाकतात. तोच व्हिडिओ चार वर्षांपूर्वी दुसऱ्या देशाच्या नावाने फिरलेला निघाला, तर काम तिथेच संपतं. नाही निघाला, तर डोंगर पाहायचे. पांडवलेण्यांच्या डोंगराची कड मुंबई-आग्रा रस्त्यावरून एक दिसते, मागल्या अंगाने वेगळीच. त्यामुळे कॅमेरा कुठे होता तेही कळतं. २०१८ मध्ये कॅमेरूनमधल्या दोन बायका आणि दोन मुलांच्या हत्येचा व्हिडिओ सरकारने आधी खोटा ठरवला होता. बीबीसीच्या पत्रकारांनी डोंगरांची रांग उपग्रहचित्रांशी जुळवून झेलेवेत गावाजवळची जागा शोधली. घरं कधी बांधली गेली, पायवाट कोणत्या हंगामात दिसते आणि सावल्या कशा पडल्यात, यावरून काळ काढला : २० मार्च ते ५ एप्रिल २०१५. पुढे २०२० मध्ये चार सैनिकांना दहा वर्षांची शिक्षा झाली.

सावलीचं गणित सोपं नाही. नाशिकमध्ये भर दुपारची सावली बहुतेक वर्षभर उत्तरेला पडते, मेच्या तिसऱ्या आठवड्यात पायाखाली येते आणि मग जुलैच्या उत्तरार्धापर्यंत किंचित दक्षिणेला. म्हणजे आधी जागा पक्की करायची, मगच वेळ.

प्रश्न : परदेशातल्या भाच्याने युद्धग्रस्त गावातला व्हिडिओ पाठवलाय. तो कसा जपावा?
(एक वाचक, देवळाली कॅम्प)

भाच्याला आजच सांगा : मूळ फाइल ज्या फोनमध्ये आहे तिथून पुसू नकोस. व्हॉट्सअॅपवरून नेहमीसारखा पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान केला जातो आणि चित्रीकरणाच्या वेळ-ठिकाणाची आतली नोंद गळते. म्हणून तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पुन्हा मागवा. कापू नका, चेहरे धूसर करू नका, वर मजकूर टाकू नका. एक प्रत पेन ड्राइव्हवर बंद ठेवा, बघायला दुसरी.

मग हॅश, म्हणजे फाइलच्या आतल्या मजकुरावरून गणिताने निघणारा तिचा ठसा, काढा. विंडोजमध्ये ‘सर्टयूटिल’ ही आज्ञा मुळातच असते. प्रकार ‘शा-२५६’ सांगा, ६४ अक्षर-अंकांची ओळ मिळेल. फाइलचं नाव बदललं तरी ती बदलत नाही. व्हिडिओ सेकंदभर कापला तर पूर्ण बदलते. मात्र हॅशने एवढंच सिद्ध होतं की त्या क्षणापासून फाइलला हात लागलेला नाही. दृश्य खरं आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. इथे पुष्कळजण फसतात.

व्हिडिओ कुणाच्या खात्यावर असेल तर पूर्ण लिंक, खात्याचं नाव आणि टाकल्याची वेळ लिहा. फोन बहुधा आपली वेळ दाखवतो आणि ती जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. कुठली वेळ लिहिली तेही नोंदवा. वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या ‘वेबॅक मशीन’ या संकेतस्थळावरही ते पान साठवून पाहा. हे लगेच करा. २०१७ मध्ये यूट्यूबच्या स्वयंचलित छाननीत सीरियातल्या अत्याचारांचे असंख्य व्हिडिओ काढले गेले.

फाइल कुणाकडून, कधी, कुणाकडे गेली याची वही ठेवा. आणि कृपा करून ग्रुपवर टाकू नका. त्यात दिसणारा माणूस अजून त्याच गावात राहत असेल.

प्रश्न : आपल्या न्यायालयातही हॅश लागतो का?
(एक वकील, नाशिक रोड)

लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मधल्या, डिजिटल पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक फाइल देणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा. दोन्हींत हॅश भरावा लागतो.