फोन लागला पाहिजे : परिसराच्या मदतसूचीबद्दल वाचकांचे प्रश्न

दवाखाना, रक्तकेंद्र, अभ्यासिका, घरपोच डबा, मोफत कायदेशीर सल्ला अशा जवळपासच्या सोयींची ऑनलाइन सूची करणाऱ्या किंवा करू पाहणाऱ्या मंडळांची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाकडे वहीत चारेकशे पत्ते आणि फोन नंबर आहेत. ते तसेच ऑनलाइन चढवावेत का? वेबसाइटसाठी किती खर्च धरावा? – ज्येष्ठ नागरिक संघाचे कार्यवाह, पुणे

तसेच चढवू नका. वहीतले नंबर कोणी, कधी लिहिले हे माहीत नसतं. ज्यांची गरज सर्वांत जास्त पडते अशा साठ नोंदी निवडा, त्या फोन करून तपासा आणि तेवढ्यांनीच सुरुवात करा. बाकीच्या ‘तपासणी बाकी’ अशा वेगळ्या पानावर ठेवा आणि ते पान लोकांना दाखवू नका. चारशेपैकी शंभर नंबर बंद निघाले तर माणूस दुसऱ्यांदा सूची उघडत नाही. उरलेले तीनशे बरोबर असून उपयोग होत नाही.

वेबसाइटचा खर्च आत्ता नकोच. पहिले सहा महिने गूगल शीट पुरते. मात्र स्तंभ नीट ठरवा. एक ओळ म्हणजे एक संस्था नव्हे, एक सेवा. एकाच रुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग, डायलिसिस आणि रक्तकेंद्र असेल तर तिन्हींचे फोन, वेळा आणि अटी वेगळ्या असतात, म्हणून तीन ओळी. अमेरिकेत अशा सूच्यांसाठी ‘ओपन रेफरल’ या उपक्रमाने जो खुला आराखडा केला, त्यातही संस्था, सेवा आणि ठिकाण या गोष्टी वेगळ्याच ठेवल्या आहेत. पुढे कधी वेबसाइट केलीत तर अशी शीट जशीच्या तशी वापरता येते.

प्रत्येक ओळीत हे हवंच: सेवेचं नाव, संस्था, कोणासाठी, लागणारी कागदपत्रं, शुल्क, वार आणि वेळ, जेवणाची सुट्टी, फोन, पत्ता खुणेसकट, पिनकोड, नकाशाची लिंक, तपासल्याची तारीख, तपासणाऱ्याची आद्याक्षरं. ‘कागदपत्रं’ आणि ‘जेवणाची सुट्टी’ हे दोन स्तंभ लोक गाळतात. पण हेलपाटा होतो तो याच दोन गोष्टींमुळे. धर्मादाय रुग्णालयांच्या ओळीत गरीब आणि दुर्बल घटकांसाठीच्या खाटांचा उल्लेख जरूर करा. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ अअ खालच्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या असतात. त्या मिळवायला उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड यांपैकी काय लागेल आणि रुग्णालयात कोणत्या खिडकीवर विचारायचं, हे लिहिलंत तर ती ओळ खरी उपयोगी.

टाइप करायला बसण्याआधी फोन आणि पिनकोडचे स्तंभ ‘साधा मजकूर’ या प्रकारात बदलून घ्या. नाहीतर ०२० मधलं पहिलं शून्य गळतं, आणि +९१ ने सुरू होणारा नंबर शीटला सूत्र वाटून चूक दाखवली जाऊ शकते. मागाहून प्रकार बदलला तरी गळलेलं शून्य परत येत नाही.

सूची सुरू होऊन वर्ष झालं. सुरुवातीला उत्साह होता, आता नंबर चुकीचे निघतात अशा तक्रारी येतात. सगळी सूची पुन्हा तपासायला माणसं नाहीत. – वाचनालयाचे ग्रंथपाल, सातारा जिल्हा

सगळी एकदम तपासायची मोहीम काढू नका. ती पंधरा दिवस चालते आणि मग वर्षभर काही होत नाही. नोंदी किती लवकर शिळ्या होतात त्यावरून त्यांचे तीन गट करा. खासगी रुग्णवाहिका, डबेवाले, रात्रीची औषधाची दुकानं, रुग्णसेवेची माणसं पुरवणाऱ्या संस्था: दर ३० दिवसांनी. दवाखाने, समुपदेशन केंद्रं, सेतू आणि आपले सरकार सेवा केंद्रं: दर ९० दिवसांनी. वाचनालयं, सभागृहं, बागा: दर १८० दिवसांनी.

समजा, तुमच्याकडे १५० नोंदी आहेत. पहिल्या गटात ३०, दुसऱ्यात ८०, तिसऱ्यात ४०. महिन्याला ३० अधिक सुमारे २७ अधिक सुमारे ७, म्हणजे चौसष्टेक नोंदी येतात. आठवड्याला सोळा. काही फोन उचलले जात नाहीत म्हणून पंचवीस फोन धरा. दोघांनी आठवड्यातून तासभर बसलं की काम होतं. हे गणित नोंदी वाढवण्याआधी करायचं असतं. आठवड्याला जितके फोन होऊ शकतात, त्यावरून सूचीचा आकार ठरतो.

शीटमध्ये आणखी एक स्तंभ घाला: आजच्या तारखेतून तपासल्याची तारीख वजा करणारं सूत्र. गटाची मुदत ओलांडली की ओळ आपोआप पिवळी आणि दुप्पट मुदत ओलांडली की लाल, अशी रंगाची अट लावा. दर आठवड्याला लाल आणि पिवळ्या ओळीच उघडायच्या. तपासल्याची तारीख लोकांना दिसणाऱ्या पानावरही हवी, नंबरच्या शेजारी, लहान अक्षरांत नव्हे.

फोनवर ‘चालू आहे ना?’ एवढंच विचारलं तर ‘हो’ एवढंच उत्तर येतं. विचारा: आज कोणी आलं तर सेवा मिळेल का, की आधी नाव नोंदवावं लागेल? कोणते कागद? झेरॉक्स की मूळ? पैसे किती आणि कशाचे? कोणत्या कारणाने लोकांना परत पाठवावं लागतं? या शेवटच्या प्रश्नाला सर्वांत उपयोगी उत्तरं मिळतात: ‘दहानंतर केसपेपर देत नाही’, ‘गुरुवारी डॉक्टर दुसऱ्या गावी असतात’. ते वाक्य तसंच सूचीत लिहा.

फोन लागला नाही तर वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी तीनदा करा. तरी नाही लागला तर नोंद लोकांपासून लपवा, पण पुसू नका. ‘बंद’ नावाच्या पानावर तारीख आणि कारणासह हलवा. पुसली तर दोन महिन्यांनी दुसरा कोणी स्वयंसेवक तोच नंबर नवा म्हणून आणून देतो.

एका गोष्टीत मात्र जराही सैल राहू नका. ‘या संस्थेचा नंबर बदलला आहे, हा नवा घ्या’ असा निरोप आला तर आधी जुन्या नंबरवर फोन करा, मग संस्थेच्या पाटीवर किंवा पावतीवर पाहा. खोटे ग्राहकसेवा क्रमांक पसरवून पैसे उकळणारे हीच वाट वापरतात. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन आणि खाटांच्या याद्या मोबाइलवर फिरत होत्या. तेव्हा तारीख-वेळ नसलेला एकच नंबर पुढे पुढे जात राहिला, साठा संपल्यावरही फोन येत राहिले, आणि सिलिंडरसाठी आगाऊ पैसे घेऊन गायब होणाऱ्यांचंही फावलं. ज्या सूचीत प्रत्येक ओळीपुढे तपासल्याची वेळ होती, तिच्याच भरवशावर काही करता येत होतं. म्हणून तासातासाला बदलणारी माहिती सूचीत लिहूच नका. रक्ताचा साठा हवा असेल तर ई-रक्तकोश या सरकारी संकेतस्थळाची लिंक द्या. तिथे रक्तकेंद्रांनी भरलेला साठा दिसतो.

लोक शोधतात आणि त्यांना काहीच सापडत नाही. नोंद तर असते. असं का होतं? – युवक मंडळ, छत्रपती संभाजीनगर

कारण शोधणाऱ्याचा शब्द आणि तुमचा शब्द एक नाही. तुम्ही ‘रुग्णवाहिका’ लिहिता, तो ‘अँब्युलन्स’ टाइप करतो. त्यातही ‘ॲ’ हे अक्षर दोन पद्धतींनी टाइप होतं: एकसंध ‘ॲ’ किंवा ‘अ’ वर चंद्र देऊन. डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाला नाही. उपाय साधा आहे. ‘पर्यायी शब्द’ असा स्तंभ ठेवा, तो लोकांना दाखवू नका, पण शोध त्यातही चालू द्या. त्यात रुग्णवाहिका, ॲम्ब्युलन्स (दोन्ही पद्धतींनी), अँब्युलन्स आणि रोमन लिपीतलं स्पेलिंग भरा. गावांची जुनी-नवी दोन्ही नावं हवीत: औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर अजून हजारो जण टाइप करतात. लोक काय शोधतात आणि रिकाम्या हाताने जातात, याची नोंद ठेवता आली तर महिन्याला एकदा ती यादी वाचा आणि स्तंभात भर घाला.

विभाग सरकारी खात्यांप्रमाणे पाडू नका, गरजेप्रमाणे पाडा. ‘समाजकल्याण’ या नावाखाली दिव्यांग प्रमाणपत्राची माहिती कोणी शोधत नाही. विभाग दहा-बारा पुरेत. एक सेवा दोन विभागांत बसत असेल तर दोन्हीकडे दिसू द्या.

आणि आकडे: पानावर देवनागरी आकडे शोभतात, पण स्पर्श केल्यावर लागणाऱ्या फोनच्या लिंकमध्ये आतला नंबर इंग्रजी आकड्यांतच हवा, +९१ सह, आणि शहराच्या कोडचं पहिलं शून्य (०२० मधलं) काढून. देवनागरी आकड्यांची लिंक फोन लावत नाही. जुनी माहिती श्री-लिपीसारख्या फॉन्टमध्ये असेल तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. शीट सीएसव्ही (साध्या मजकुराची फाइल) म्हणून उतरवून एक्सेलमध्ये थेट उघडली तर मराठीचा चोथा दिसू शकतो. ‘डेटा’ मेनूतून आयात करताना यूटीएफ-८ निवडा.

खासगी रुग्णवाहिकेचे एक मालक आपलं नाव सगळ्यांत वर ठेवण्यासाठी पैसे देतो म्हणतात. त्यातून खर्च भागेल. घ्यावेत का? – गणेशोत्सव मंडळ, ठाणे

नाही. क्रम अंतराने किंवा अकारविल्हे ठेवा आणि तसं पानावर लिहा. खर्चासाठी देणगी घ्यायची तर देणगीदारांचं वेगळं पान करा. रुग्णवाहिकांच्या विभागात सर्वांत वर १०८ असावा, कारण तो मोफत आहे. कोणाला घेणार, कोणाला नाही, याचे पाच-सहा नियम लिहून प्रसिद्ध करा. नगरसेवकाच्या माणसाला ‘नियमात बसत नाही’ म्हणणं सोपं जातं.

आम्ही रक्तदात्यांची नावं, गट आणि मोबाइल असलेली यादी आणि स्त्रियांच्या आधारगृहांचे पत्ते देणार आहोत. काही अडचण? – महिला मंडळ, कोल्हापूर

दोन्ही देऊ नका. रक्तदात्यांचे नंबर उघड झाले की दूरदूरच्या शहरांतून रात्री-अपरात्री फोन येतात, विशेषतः बायकांना, आणि ते माणूस पुढे रक्तदानच टाळतं. यादी मंडळाकडे ठेवा आणि सूचीत मंडळाचा एकच नंबर द्या. व्यक्तींची माहिती गोळा करताना ती कशासाठी आणि कुठे दिसेल हे सांगून लेखी संमती घ्या. मागितल्यावर काढून टाकायची तयारी हवी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याची दिशाही तीच आहे.

आधारगृहाचा पत्ता छळ करणाऱ्या नवऱ्यालाही सापडतो. तिथे फक्त फोन द्या: महिलांसाठी १८१, तातडीसाठी ११२. शिवाय राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन १५१०० द्या. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते, हे त्याच ओळीत लिहा, कारण हे अनेकींना माहीत नसतं. मुलांसाठी १०९८, ज्येष्ठांसाठी १४५६७, मनाच्या त्रासासाठी टेली-मानस १४४१६, ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३०. हे नंबर पहिल्या पडद्यावरच असावेत, शोधायला लागू नयेत.

आणखी एक जपायचं: शीटमधला स्तंभ ‘लपवला’ म्हणजे तो सुरक्षित झाला असं नाही. पाहण्याची परवानगी असलेला माणूस शीटची प्रत करून तो उघडू शकतो. खासगी टिपा पूर्ण वेगळ्या फाइलमध्ये ठेवा.

आमच्याकडे नेटवर्क जेमतेम, आणि म्हातारी माणसं फोनवर वाचत नाहीत. – शिक्षिका, सिंधुदुर्ग

सूचीतले वीस-पंचवीस नंबर एका कागदावर छापा, अक्षर किमान १६ पॉइंट. ‘या तारखेपर्यंतच वापरा’ अशी ओळ ठळक छापा, तीन महिन्यांपुढची नको. रेशन दुकान, औषधाचं दुकान, एसटी स्टँड, ग्रामपंचायत येथे लावा, आणि कुठे कुठे लावला त्याची यादी ठेवा, म्हणजे जुने कागद काढता येतात. क्यूआर कोड मीटरभर अंतरावरून टिपला जावा असं वाटत असेल तर तो दहा सेंटीमीटरचा छापा. त्यात शीटची लांबलचक लिंक नको, स्वतःचा कायमचा पत्ता हवा. पुढे सूची दुसरीकडे हलवली तरी छापलेले कोड चालू राहतात. गोव्याच्या हद्दीलगतच्या गावांत पलीकडच्या सोयीही घ्या. लोक उपचाराला तिकडे जातातच.

सूची करणारा आमचा तरुण नोकरीसाठी बाहेरगावी चालला. आता काय काय ताब्यात घ्यायचं? – सहकारी गृहनिर्माण संस्था, नाशिक

तो जायच्या आत चार गोष्टी. एक, शीटची मालकी त्याच्या खासगी खात्यावरून संस्थेच्या खात्यावर बदला. नुसती संपादनाची परवानगी पुरत नाही. गूगल दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं माहितीसकट काढून टाकू शकतं, म्हणून संस्थेच्या खात्यातही अधूनमधून लॉग-इन होत राहिलं पाहिजे. दोन, डोमेन (वेबसाइटचा पत्ता) कोणाच्या नावावर, कोणाच्या कार्डावर आणि नूतनीकरणाची तारीख कोणती, ते पाहा. सूचना त्याच्याच ईमेलवर जात असतील तर डोमेन कधी संपलं ते तुम्हाला कळणारही नाही. तीन, खात्याची दुहेरी पडताळणी त्याच्या मोबाइलवर येत असेल तर ती बदला आणि राखीव कोड छापून संस्थेच्या कपाटात ठेवा. चार, संपूर्ण शीटची प्रत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उतरवून ठेवायचं काम दोघांना द्या, एकाला नको. त्याच बैठकीत त्याला शेजारी बसवून नव्या माणसाकडून दहा नोंदींचे फोन करून घ्या, त्याने मध्ये न बोलता.