रोजचे डिझाइन-आव्हान आणि चुकलेल्या दिवसांची खंत

‘रोज एक डिझाइन करण्याचे आव्हान घेतले, ते मध्येच सुटले, आता आपल्यात चिकाटीच नाही असे वाटते,’ ही तक्रार उपयोजित कला किंवा ग्राफिक डिझाइनच्या वाटेवरची मुले माझ्याकडे सल्ल्यासाठी वारंवार घेऊन येतात. अशाच एका तरुणीशी झालेले बोलणे येथे देत आहे. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ही तरुणी सांगलीतील एका छापखान्यात डीटीपीचे, म्हणजे संगणकावर छपाईचा मजकूर मांडण्याचे, काम करते. दिवसभर लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणे आणि वाढदिवसाचे फ्लेक्स. मजकूर गिऱ्हाइकाचा आणि रंग बहुधा गिऱ्हाइकाच्या मेव्हण्याच्या पसंतीचे. पुण्यातील एखाद्या डिझाइन स्टुडिओत शिरकाव व्हावा म्हणून तिने ‘३६ डेज ऑफ टाइप’ हे आव्हान घेतले होते. बार्सिलोनातील नीना सान्स आणि राफा गोइकोएचेआ यांनी २०१४ साली सुरू केलेल्या या उपक्रमात रोमन लिपीची २६ अक्षरे आणि १० अंक, रोज एक याप्रमाणे, आपापल्या कल्पनेने रेखाटून इन्स्टाग्रामवर टाकायचे असतात. पहिली काही अक्षरे उत्साहात झाली. मग लग्नसराई भरात आली, दोन रात्री छापखान्यातच गेल्या, अक्षरे मागे पडली आणि ती भरून काढण्याच्या धांदलीत तिने उरलेला सगळाच नाद सोडला. “मॅडम, जिला छत्तीस दिवस जमत नाहीत, तिने डिझायनर व्हायचेच कशाला?” असे तिने मला विचारले.

चुकलेल्या दिवसाला आपण फार मोठी शिक्षा देतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा १२ आठवडे अभ्यास केला होता. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार सवय अंगवळणी पडायला कोणाला १८ दिवस, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला, आणि मधली एखादी संधी हुकल्याने सवय जडण्यात म्हणण्यासारखा अडथळा आला नाही. हे तिला सांगितल्यावर तिचा चेहरा थोडा सैल झाला. मात्र त्या अभ्यासातील सवयी पाणी पिणे, फळ खाणे, व्यायाम करणे अशा होत्या. अक्षर चांगले काढता येणे ही सवय नव्हे, ते कौशल्य आहे, आणि माझ्या मते तिची खरी अडचण तेथे होती.

पुढच्या भेटीला मी तिला झालेली सगळी अक्षरे रंग काढून, निव्वळ काळ्या आकारांत छापून आणायला सांगितले. पडद्यावर प्रत्येक अक्षराला सोनेरी झळाळी आणि मागे सावली होती. छापखान्यातला हात तेथेही चालला होता. कागद टेबलावर ओळीने मांडल्यावर तीच म्हणाली, “एस पुढे कलंडतोय. आणि सगळ्याच अक्षरांत मी तेच केले आहे, नाही का?” अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली बर्लिनच्या व्हायोलिनवादकांवरील शोधनिबंधात ज्याला हेतुपूर्वक सराव म्हटले, त्यात नेमकी उणीव हेरणे, कोणाकडून तरी ती तपासून घेणे आणि पुन्हा करणे अपेक्षित असते. रोजचे आव्हान माणसाला रोज टेबलाशी बसवते, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे. परंतु रोज नवे अक्षर आणि रोज नवी कल्पना असल्यामुळे कालची चूक आज दुरुस्त करण्याची वेळच येत नाही. इन्स्टाग्रामवरचे बदामही आकार कुठे बिघडला ते सांगत नाहीत.

आकार तपासणे हे माझे काम नव्हे. तिच्या गल्लीत पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक पेंटरकाका राहतात, त्यांना आठवड्यातून एकदा कागद दाखवायचे असे ठरले. रोज वीस मिनिटे, काळे पेन, रंग नाही आणि आठवडाभर एकच अक्षर. सुरू करण्यापूर्वी आज काय पाहायचे ते कोपऱ्यात एका ओळीत लिहायचे. तिने ‘ळ’ घेतला. काकांनी रेषांकडे फारसे पाहिलेच नाही. दोन्ही गोलांच्या आतली पांढरी जागा त्यांनी बोटाने दाखवली आणि देठ शिरोरेषेला मिळतो तेथे काळा ठिपका साचल्यासारखा दिसतो, तो हलका कर, म्हणाले. तिने तेवढ्या जोडावर पुढचे चार दिवस घालवले. एक दिवस तिने काहीच काढले नाही आणि त्याबद्दल माझ्याकडे ती ओझरते बोलली, एवढेच.

खाडा पडला की झोप उडणे, जेवण न जाणे असे होत असेल, तर आव्हान बाजूला ठेवून आधी त्याविषयी बोलावे लागते. तिच्या बाबतीत तशी वेळ आली नाही. स्टुडिओला पाठवायच्या पोर्टफोलिओत तिने झळाळणारी रोमन अक्षरे काढून ‘ळ’चे पहिल्यापासूनचे कागद क्रमाने लावले आहेत. पुढच्या वर्षी पुन्हा आव्हान घेऊ का, असे तिने विचारले, आणि मी काही बोलण्याआधी उत्तरही तिनेच दिले: सव्वीस अक्षरे सोडून द्यायची, फक्त शून्य ते नऊ हे देवनागरी अंक करायचे, आणि प्रत्येकाला हवे तेवढे दिवस द्यायचे.