लव्हाळ्यावरचा तुडतुडा भातावरचाच का?

बांधावरच्या लव्हाळ्यात तपकिरी, टुणकन उडणारे किडे दिसतात, ते भातावर येतील का, असं तुम्ही विचारलंय. नुसत्या रंगावरून ठरवू नका. आपल्याकडे 'तुडतुडा' हा एकच शब्द दोन वेगळ्या गटांना लावतात, घोळ तिथूनच सुरू होतो.

एक किडा पकडून दहापट भिंगाखाली मागचा पाय बघा. नडगीच्या टोकाला हलणारी जाड आरी (मोठ्या काट्यासारखा भाग) दिसली, तर तो भातावरच्या तपकिरी तुडतुड्याच्याच कुळातला. तिथे आरी नाही, पण नडगीभर काट्यांच्या रांगा आहेत, तर हिरव्या तुडतुड्याच्या गटातला.

पण कूळ एक म्हणजे जात एक नव्हे! या कुळातल्या बऱ्याच जाती एखाद्याच गवताला किंवा लव्हाळ्याला धरून राहतात. भातावरचा तपकिरी तुडतुडा, शास्त्रीय नाव निलापर्वता लुजेन्स, मुख्यतः भातावरच जगतो.

आधी झाडाचीही खात्री करा. काडी बोटांत फिरवा: तीन कडा लागल्या तर लव्हाळा, गोल लागली तर बहुधा गवत. मग भाताचे चुड बाजूला सारून पाण्यालगतचा बुंधा तपासा. तिथे किडे नसतील तर केवळ बांधावरच्या किड्यांसाठी फवारणी करू नका, तुडतुडे खाणारे कोळी मात्र फुकट मरतील.